एकच होडी, गळ आणि घरची माणसं: कोकण किनाऱ्यावर छोटी बोट बाळगण्याचा हिशेब

अठरा-वीस फुटी फायबरची होडी आणि मागे आउटबोर्ड इंजिन, ही जोडी आता अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जागोजाग दिसते. पहाटे गळाला जायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना खाडीच्या मुखाबाहेर फिरवून आणायचं, असा बेत असेल तर ही जोडी पुरेशी आहे. मात्र होडीबाबतचा प्रत्येक निर्णय परतीच्या वाटेवरून घ्यायचा. सकाळी मतलई वाऱ्यात, सपाट पाण्यावर कुठलीही होडी छान चालते. दुपारी समोरून खारा वारा, खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि टाकीत तळाला गेलेलं पेट्रोल, अशा वेळी होडीची परीक्षा होते. लांबी, इंजिन, नांगर, निघायची वेळ, सगळं त्या तासाभरासाठी ठरवा.

होडी निवडताना

लांबी 18 ते 20 फूट आणि रुंदी 6 फुटांच्या आसपास धरा. यापेक्षा अरुंद होडी वेगाने पळते, पण दोन माणसं एका बाजूला मासा बघायला वाकली की काठ पाण्याला टेकायला येतो. माणसं, इंधन आणि बर्फ भरून होडी पाण्यात ठेवली की काठ पाण्यापासून निदान दीड फूट वर राहिला पाहिजे.

किती माणसं बसवायची याचा एक ठोकताळा अमेरिकेत छोट्या बोटींसाठी वापरतात: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. म्हणजे 19 बाय 6 च्या होडीत साडेसात, म्हणजे सात. पण हे उत्तर शांत पाण्याचं आहे. आपल्या समुद्रात यातले दोन कमी करा. पाच माणसं झाली की सहाव्याला किनाऱ्यावर थांबायला सांगण्याइतका वाईटपणा मालकाने घ्यायलाच हवा.

जुनी होडी घेत असाल तर रंगावर जाऊ नका, मागची फळी बघा. इंजिन जिच्यावर लटकतं तीच ही फळी. बाहेरून फायबर असलं तरी बहुतेक होड्यांत तिच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. इंजिन वर उचलून ठेवा, त्याचा खालचा पाय धरून जोरात वर-खाली करा आणि त्या वेळी फळीच्या कोपऱ्यांकडे नजर ठेवा. फळी लवली किंवा कोपऱ्यात केसासारखी चीर उघडली, तर आतलं लाकूड गेलंय असं समजा. मग लाकडी मुठीने फळी ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. खात्री करायची तर मालकाला विचारून एक स्क्रू काढा. भोकातून तपकिरी, ओला भुसा आला तर किमतीतून नवी फळी बसवायचा खर्च वजा करा, नाहीतर सरळ दुसरी होडी बघा. तळाला दोन-चार फोड दिसले तर घाबरायचं कारण नाही. पायाखाली मऊ लागणारा तळ मात्र नको.

दुसरी तपासणी तरंगण्याची. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगते. फायबर पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं. म्हणून बसायच्या फळ्यांखाली आणि काठाच्या आत बंद फोम भरलेला हवा. हिशेब असा: 350 किलोच्या फायबर होडीचं पाण्यात बुडाल्यावर भरणारं वजन साधारण 115 ते 120 किलो, पन्नास-साठ किलोच्या इंजिनाचं चाळीसेक किलो. एक घनफूट फोम सुमारे 27 किलो उचलतो. म्हणजे 8 ते 10 घनफूट फोम असेल तर उलटलेली होडी वर राहील आणि माणसांना धरायला काहीतरी असेल. पाणी पिणारा थर्माकोलचा चुरा यात चालत नाही. तो काही वर्षांत भिजून उलट वजन वाढवतो.

इंजिन

पाच माणसांच्या 19 फुटी होडीला 20 ते 25 अश्वशक्ती बरोबर. 9.9 चं इंजिन खाडीत आणि किनाऱ्यालगत गळाला चालतं, पण ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध भरलेली होडी आत घेताना ते कमी पडतं. मोठ्या इंजिनाची हौसही नको, कारण वजन मागे पडतं आणि मागचा काठ बुडायला येतो.

इंजिनाच्या पायाची लांबी फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे: 15 इंची फळीला आखूड पाय, 20 इंची फळीला लांब. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यावी. फार वर राहिली तर लाटेवर पंखा हवा घेतो, इंजिन ओरडतं आणि होडी पुढे जात नाही. फार खाली गेली तर पेट्रोल जास्त जातं आणि मागून पाणी उडतं.

टू-स्ट्रोक हलकं, साधं आणि गावात दुरुस्त होणारं. फोर-स्ट्रोक शांत, कमी पेट्रोल पिणारं, पण थोडं जड. घरच्यांना घेऊन फिरायचं प्रमाण जास्त असेल तर फोर-स्ट्रोकच घ्या, धुराने लहान मुलांना उलट्या लवकर होतात. टू-स्ट्रोकमध्ये तेल मिसळायचं प्रमाण बहुधा 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलि; नवं इंजिन रुळेपर्यंत लिटरला 40 मिलि. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी. तेल आउटबोर्डचंच हवं, टीसी-डब्ल्यू 3 दर्जाचं. स्कूटरचं तेल घातलं तर प्लग काळे पडतात आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि दमट किनाऱ्यावर महिनाभर पडून राहिलेल्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. म्हणून लागेल तेवढंच भरा, उरलेलं दुचाकीत संपवा (तेल मिसळलेलं असेल तर नाही) आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर लावा.

इंधनाचं गणित तिसऱ्या भागाचं: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. समजा सहा सागरी मैल बाहेर जायचंय. बारा नॉट वेगाने जाणं-येणं मिळून एक तास, त्याचं 8 लिटर धरा. दोन तास संथ गतीने ओढता गळ, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं, तासाला 3 प्रमाणे 6 लिटर. झाले 14. त्याची दीडपट 21. म्हणजे 24 लिटरची टाकी भरून निघालात तर ठीक, अर्ध्या टाकीवर निघू नका.

कागद

मासेमारीसाठी होडी वापरायची तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि मासेमारी परवाना लागतो. केवळ खासगी फेरफटक्याची बोट असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारा. कोणत्या नोंदणीत काय चालतं हे होडी घेण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या, कारण विमाही त्यावरच अवलंबून असतो. मासेमारीच्या नोंदणीवर पैसे घेऊन पर्यटक फिरवता येत नाहीत. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातले अतिरेकी मासेमारी नौका पळवून समुद्रमार्गे आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि होडीचे कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सोबत ठेवा.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. त्या वर्षीचा राज्याचा आदेश बघून तारीख पक्की करा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या त्याच्या गाभा क्षेत्रात गळ टाकू नका.

नांगर आणि दोर

छोट्या होड्यांत सगळ्यात जास्त कंजुषी नांगराच्या दोरात होते. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडावा लागतो, वारा असेल तर सातपट. दहा मीटर पाण्यात पन्नास ते सत्तर मीटर. कमी दोर सोडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर जमिनीत न रुतता घसटत जातो. नांगर आणि दोर यांच्यामध्ये 8 मिमी जाडीची चार-पाच मीटर साखळी घाला. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि खडकावर दोर कापला जात नाही. दोर 10 ते 12 मिमीचा नायलॉन हवा. तरंगणारा स्वस्त प्लास्टिकचा दोर पंख्यात जातो.

वाळू-चिखलात फाळाचा नांगर, खडपात, म्हणजे खडकाळ तळावर, चार दातांचा लोखंडी. खडपात नांगर अडकतोच. त्यासाठी साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता दातांच्या बाजूला, बुडाशी बांधा आणि वरच्या कडीशी पातळ सुतळीचे दोन फेरे द्या. नांगर अडकला की जोर लावल्यावर सुतळी तुटते, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा निघून येतो. मुक्काम करायचा असेल तर हा प्रकार नको, रात्री वाऱ्याने सुतळी तुटली तर होडी चालू लागेल.

नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून टाका. मागून टाकला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली बसलेला मागचा काठ लाटेकडे तोंड करून राहतो आणि दोन लाटांत होडी भरते.

तिथी, वारा आणि खाडीचं तोंड

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दुसरी भरती साडेबारा तासांनी, ओहोटी दोन्हींच्या मध्ये. मुंबईपासून गोव्यापर्यंत यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तेव्हा नेमक्या वेळेला भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पण बेत आखायला ही रीत पुरते.

आता हा हिशेब वाऱ्याशी जोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. म्हणजे उजाडताना निघून साडेदहाच्या आत परत यायचं. या दोन्ही वेळांना खाडीच्या तोंडावर पाणी हवं. पंचमीला पावणेचारला भरती, दहाला ओहोटी: जाताना पाणी उतरतं आणि येताना तळाला गेलेलं, सगळ्यात वाईट दिवस. पौर्णिमेला पहाटे पाचला ओहोटी, निघतानाच वाळू लागते. एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ ते नऊला. सहाला चढत्या पाण्यावर निघा, दहाला परत या, दोन्ही वेळा पाणी भरपूर. (एकादशीला घरी मासे चालत नसतील तर द्वादशी धरा.)

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि दर पावसाळ्यात तो जागा बदलतो. गेल्या वर्षीची वाट यंदा खरी असेलच असं नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा जाताना तिथल्या तांडेलाला विचारा आणि भर ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहून लाटा कुठे फुटतात ते बघून ठेवा. लाट फुटते तिथे पाणी उथळ.

दांड्यावर अपघात होतात ते प्रामुख्याने ओहोटीच्या मधल्या दोन तासांत. सहा तासांच्या ओहोटीत निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात बाहेर पडतं. हा बाहेर धावणारा प्रवाह आत येणाऱ्या लाटेला अडवतो, लाट आखूड आणि उभी होते. बाहेर अर्धा मीटर वाटणारी लाट तोंडाशी दुप्पट होऊन फुटते. आणखी एक फसवं लक्षण: मार्च ते मे या काळात दूर दक्षिणेतल्या वादळांची लांब लाट येते. दोन लाटांमध्ये बारा-पंधरा सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे खोल पाण्यात ती जाणवतही नाही, पण उथळ दांड्यावर उठून फुटते. म्हणून अंदाजात लाटेच्या उंचीसोबत हे सेकंदही वाचा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, दोन्ही आदल्या रात्री बघायचे. घरच्यांना नेताना वारा 10 नॉटच्या आत आणि लाट मीटरभराच्या आतच हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबर अरबी समुद्रात चक्रीवादळांचा काळ आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

आत येताना दांड्याबाहेर थांबून लाटा मोजा. मोठ्या लाटांचा घोळका गेला की एका लाटेच्या पाठीवर बसा आणि इंजिनाचा वेग तिच्या वेगाइतकाच ठेवा. तिच्या पुढे गेलात तर नाळ खाली रुतते, मागची लाट होडीला आडवं करते आणि होडी उलटते. मागे पडलात तर मागून येणारी लाट होडीत शिरते. मन साशंक असेल तर आत शिरू नका, बाहेर नांगर टाकून पाणी चढायची वाट बघा. त्यासाठीच ते राखीव पेट्रोल, दोन लिटर जास्तीचं पिण्याचं पाणी आणि बिस्किटं.

गळाचा दिवस

सुरमईला ओढता गळ: चार ते सहा नॉट वेग, एक गळ वीस मीटर मागे, दुसरा पस्तीस. गळाला वीसेक सेंटिमीटर स्टीलची तार हवीच, सुरमईच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. खडपाच्या कडेला तांबोशी आणि गोब्रा. तिथे नांगर टाकून पेडवे, कोळंबी किंवा माकुलाचा तुकडा तळाला सोडायचा. राज्याने 2023 मध्ये माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्यात सुरमई 370 मिमी. छोटी आली तर ओल्या हाताने गळ काढून सोडा.

शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची शेपटी विषारी असते. पक्कड घेतल्याशिवाय हात लावू नका. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवायची आणि दवाखाना गाठायचा. केंड, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा, सोडून द्या, तो खायचा नाही.

एक किलो माशाला एक किलो बर्फ. बर्फात थोडं समुद्राचं पाणी घातलं की मासा सगळ्या बाजूंनी गार होतो.

जाळ्यांचे बावटे आणि बोये दिसले की दूरून वळसा घाला. पंख्यात जाळं गेलं तर आधी इंजिन बंद, किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पाडणारी, दोरी काढून खिशात, मग इंजिन वर उचलून सुरीने कापायचं. ओढाताण केली तर मागची तेलाची सील फाटते आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. पुढे कधी गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर कारण हेच.

घरच्यांचा दिवस

त्या दिवशी गळ, तारा, सुऱ्या किनाऱ्यावरच ठेवा. होडी एकच असली तरी दोन्ही कामं एका फेरीत नकोत. मुलांच्या पायात गळ जायला क्षण पुरतो.

लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नव्हे. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईजवळ नीलकमल फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, तेव्हा जॅकेट आधीच अंगावर असण्याचं महत्त्व सगळ्यांच्या लक्षात आलं. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. मुलांचं जॅकेट वजनानुसार घ्या आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. घालून मुलाला खांद्याच्या पट्ट्यांनी उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे.

वजन खाली आणि मध्ये. नाळेवर पाय सोडून कोणी बसायचं नाही, लाटेच्या धक्क्याने माणूस पुढे पडतो आणि होडी त्याच्यावरून जाते. बोट लागते अशांनी तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी, क्षितिजाकडे बघावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये. डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करून बाजूने चला. पाठलाग केला की ते खाली जातात आणि वर येत नाहीत.

कोणी पाण्यात पडलंच तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही. लाटांत डोकं दोन सेकंदांत हरवतं. चालवणाऱ्याने वळून वाऱ्याच्या खालच्या बाजूने, समोरून सावकाश जवळ यायचं, माणूस बाजूला आला की इंजिन बंदच करायचं. न्यूट्रलवर भरवसा नको. वर घ्यायचं ते होडीच्या मधल्या बाजूने, बाकीच्यांनी विरुद्ध काठाला बसून. भिजलेला माणूस हाताने ओढून वर येत नाही. दोराला दोन फूट अंतरावर फास बांधून केलेली शिडी कायम मध्ये बांधून ठेवा.

मध्येच इंजिन बंद पडलं तर

पहिलं काम नांगर टाकणं. दुरुस्तीच्या नादात होडी खडकावर जाते. मग या क्रमाने बघा: किल स्विचची क्लिप जागेवर आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, रबरी पंप दाबून कडक होतो का, फिल्टरमध्ये पाणी आहे का, प्लग ओला आहे का. सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी इंजिन मरत असेल तर जवळजवळ नेहमी तो हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्याकडे दर काही मिनिटांनी बघायची सवय ठेवा. धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच इंजिन बंद. बहुतेक वेळा आत येणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. ती नसेल तर थंड पाणी खेचणारा रबरी इंपेलर गेलेला असतो. तो दर वर्षी-दोन वर्षांनी बदलायचा, मग तुटो वा न तुटो.

दोन वल्ही, सुटे प्लग आणि पाना, पंख्याची पिन, विजेरी, शिट्टी, लाल हातमशाल, पाणी उपसायची बादली हे सामान न काढता होडीतच राहावं. मदतीला तटरक्षक दल 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093. कुठे चाललोय आणि किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगून जा. तो एक म्हणजे वेळ उलटली की फोन करणारा माणूस हवा.

परतल्यावर आणि पावसाळ्यात

दर फेरीनंतर इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर मंद चालवा. मोठ्या पिंपात पाय बुडवून केलं तरी चालतं, पाणी आडव्या पट्टीच्या वर हवं. हे टाळलं की आत मीठ साठून पाण्याच्या वाटा बंद होतात. इंजिनाच्या पायावर बसवलेले जस्ताचे तुकडे निम्मे झिजले की बदला आणि त्यांना रंग कधीच लावू नका. रंगवलेलं जस्त झिजत नाही, मग ॲल्युमिनियमचा पाय झिजतो. गिअरचं तेल नव्या इंजिनात पहिल्या दहा-वीस तासांनी, पुढे दर 100 तासांनी.

मे संपायच्या आत होडी वर घ्या. नाळ हातभर उंच आणि मधला कणा ओंडक्यांवर टेकवून ठेवा, तळाच्या पातळ भागावर भार देऊ नका. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून चाक हाताने फिरवा, इंजिन उभंच ठेवा. बॅटरी घरी आणून महिन्याला एकदा चार्ज करा. वर झाप किंवा ताडपत्री, पण दोन्ही टोकांनी वारा खेळता हवा. तळाचं बुच काढून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी साठणार नाही, आणि ते बुच किल स्विचच्या दोरीलाच बांधा: ऑगस्टमध्ये ते हातात आल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही.